शेवटचा कोण सोडणार?

कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, पुस्तकं बघा नाहीतर इंजिनिअरिंगचा सिलॅबस बघा, लॉकिंगचा धडा एका टोकाला आणि रेफरन्स काउंटिंग दुसऱ्या टोकाला, जणू दोघांची कधी गाठच पडत नाही. लॉकिंग म्हणजे एका वेळी एकानेच वस्तूला हात लावावा म्हणून कुलूप. त्यात डेडलॉक येतो, म्हणजे एकमेकांच्या कुलपाची वाट बघत कायमचं अडकणं, तो व्हायला लागणाऱ्या, कॉफमन आणि त्याच्या जोडीदारांनी १९७१ साली मांडलेल्या चार अटी येतात, पोरं त्या पाठ करतात, पेपरात उतरवतात, विषय संपला. काउंटिंग तर अर्ध्या पानात उरकतं. वस्तू घेतली की आकडा एकने वाढवायचा, सोडली की एकने कमी करायचा, शून्य झाला की फेकून द्यायची. एवढ्या शिदोरीवर माणूस लिनक्सचा फाईलसिस्टिमचा, म्हणजे डिस्कवरच्या फाईली सांभाळणारा, कोड उघडतो आणि त्याला समजतच नाही की एक साधी ओळ दुसऱ्या ओळीच्या वर ठेवायची की खाली, यावर एवढी मोठी कॉमेंट कशाला लिहून ठेवलीय.

मला विचाराल तर फाईलसिस्टिममध्ये हे दोन विषय नाहीतच, एकच आहे. रेफरन्स सोडणं बाहेरून नुसती वजाबाकी दिसते, पण ज्याच्या हातून शेवटचा सुटतो त्याच्या गळ्यात सगळं आवरायचं काम पडतं, आणि त्या आवरण्यात लॉक लागतात, डिस्क लागते, वेळ लागतो. वर आपण शेवटचे आहोत की नाही हे सोडणाऱ्याला आधी माहीत नसतं. म्हणजे तुम्ही हातात कुठलाही लॉक धरून एखादा रेफरन्स सोडलात तर तुम्ही नकळत अजून चार लॉक घ्यायची तयारी दाखवलेली असते, आणि त्या चारांचा क्रम तुमच्या हातातल्या लॉकशी जुळतो की नाही ते देव जाणे.

मी जळगावात राहतो, काम स्टोरेजचं, कंपनी बाहेरची. मे महिन्यात इथं पारा ४५च्या आसपास खेळत असतो, दुपारी डोकं चालत नाही, त्यामुळे असला कोड वाचायचा तो रात्री गच्चीवर, कूलर ओढून दारात लावायचा आणि बसायचं. चोपड्याचा एक पोरगा येतो कधीकधी, शेवटच्या वर्षाला आहे, स्वतःची छोटीशी फाईलसिस्टिम लिहितोय. प्रोजेक्ट म्हणून बाकीच्यांसारखं अटेंडन्सचं ॲप करून मोकळा झाला असता, पण याला हेच करायचं होतं. त्याचाच प्रश्न हा, फाईलचा रेफरन्स सोडणाऱ्या आयपुट फंक्शनबद्दल, "दादा, आयपुटला एवढं काय घाबरायचं? एकने कमीच तर करायचंय ना?"

त्याला मी कोडच्या आधी एका जिनिंगवाल्याची गोष्ट सांगितली. कापसाचा सीझन, वजनकाट्यावर गाड्यांची लाईन, आणि काट्याचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरलेली. तिथल्या ऑपरेटरने शोधून भलीमोठी लॉग फाईल काढली आणि आरएम मारून उडवली, शाबास. पण डीएफ, म्हणजे डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड, मारलं तर डिस्क अजून भरलेलीच. डीयू, म्हणजे दिसणाऱ्या फाईलींची बेरीज करणारी, मारलं तर ते म्हणतंय एवढा माल इथं नाहीच. बिचारा मला फोन करून म्हणतो, फाईल गेली पण जागा नाही आली, हे काय भूत आहे भो?

भूतबीत काही नसतं. फाईलचं नाव वेगळं आणि फाईल वेगळी, नाव डिरेक्टरीत राहतं आणि खरी वस्तू म्हणजे आयनोड. त्या आयनोडवर दोन आकडे असतात, एक डिस्कवरचा, किती नावं या आयनोडकडे बोट दाखवतात तो, आणि एक मेमरीतला, आत्ता किती जणांनी हा धरून ठेवलाय तो. आरएमने पहिला शून्य केला, पण काट्याच्या प्रोग्रॅमने फाईल उघडी ठेवलेली, म्हणून दुसरा शून्य झाला नव्हता. दोन्ही शून्य झाल्याशिवाय डिस्कवरचे ब्लॉक आपोआप मोकळे होत नाहीत. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की काम झालं असतं, पण बाहेर गाड्या उभ्या, काटा बंद करू म्हणालो असतो तर शेतकऱ्यांनी मलाच काट्यावर चढवलं असतं. मग प्रॉक फोल्डरमधून, जिथं चालू प्रोग्रॅमांची माहिती असते, त्या प्रोसेसचा फाईल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाईलचा नंबर, शोधला, नावापुढे डिलिटेड लिहिलेलं असतं, आणि तिथूनच फाईल रिकामी केली. जागा आली, काटा चालूच राहिला.

आता यातली खरी गोम बघा. आरएमनंतर प्रोग्रॅम बंद होईल तेव्हा ब्लॉक मोकळे करायचं काम कोण करणार? ज्याने आरएम मारलं तो तर कधीच घरी गेला. काम पडणार फाईल शेवटी बंद करणाऱ्याच्या अंगावर. आणि मधेच लाईट गेली, जी आपल्याकडे जातेच, तर? ईएक्सटी-फोर, लिनक्सची एक फाईलसिस्टिम, अशा नाव गेलेल्या पण अजून धरलेल्या आयनोडांची यादी डिस्कवर ठेवतं, अनाथांची यादीच म्हणतात तिला, आणि पुढच्या माऊंटला, म्हणजे डिस्क परत जोडताना, ती वाचून साफसफाई करतं. म्हणजे शेवटचा सोडणारा मेला तरी काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवलेलं असतं. मला हा भाग फार आवडतो.

आणि याच्या उलट बाजूही सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. मेमरीतला आकडा शून्य झाला म्हणजे आयनोड लगेच फेकला असं नाही. डिस्कवर नाव शिल्लक असेल तर कर्नल त्याला कॅशमध्ये तसाच पडू देतं, उद्या परत लागेल म्हणून. जड काम पडतं ते नाव गेलेल्या फाईलच्या शेवटच्या सोडण्यात.

आता कोड. व्हीएफएसमध्ये, म्हणजे सगळ्या फाईलसिस्टिमांच्या वरच्या सामायिक थरात, फाईल पुसणारं जे फंक्शन आहे, डू-अनलिंक-ॲट, त्याच्या डोक्यावरची कॉमेंट मी पोराला मोठ्याने वाचायला लावली. तिचा मतलब असा की फाईलचा डेटा कापायचं काम डिरेक्टरीच्या लॉकच्या बाहेर व्हायला हवं, कारण कापायला वेळ लागू शकतो आणि तेवढा वेळ अख्खी डिरेक्टरी अडवून ठेवायची नाही. त्यासाठी करतात काय, तर डिरेक्टरीचा लॉक घेतल्यावर, फाईल पुसायच्या आधी, तिच्या आयनोडचा एक जास्तीचा रेफरन्स घेतात. पुसायचीय आणि आधी धरतायत! पोराला हसूच आलं. मग व्हीएफएस-अनलिंक, म्हणजे प्रत्यक्ष पुसणं, मग डेंट्री, म्हणजे नाव आणि आयनोडची मेमरीतली जोडी, सोडायची, मग डिरेक्टरीचा लॉक सोडायचा, आणि या सगळ्याच्या खाली एक आयपुट, ज्याच्या बाजूला लिहिलंय की आयनोडचं ट्रंकेट, म्हणजे कापणं, इथं होतं. तो जास्तीचा रेफरन्स घेतला नसता तर शेवटचं सोडणं डेंट्रीसोबत, लॉक हातात असतानाच झालं असतं, आणि काही जीबीची फाईल कापेपर्यंत त्या डिरेक्टरीत कोणाला नवी फाईल सुद्धा बनवता आली नसती. एक रेफरन्स घेतला तो फक्त शेवटचा कधी सुटेल हे आपल्या हातात ठेवायला.

आमच्या आजोबांच्या वेळची सामायिक विहीर होती, हिस्सेदार चुलतभाऊ, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि नियम एकच की ज्याचं भरणं शेवटी संपेल त्याने मोटार बंद करायची. ऐकायला सोपं. पण स्टार्टरच्या पेटीची किल्ली एका काकांकडे, आणि काका शेवटच्या माणसाच्याच बांधावर फावडं घेऊन उभे, तू आधी मोटार बंद कर मग मी इथून हलतो म्हणत. मोटार रात्रभर चालायची. कॉफमनच्या चारही अटी त्या शेतात हजर होत्या.

लॉकचा क्रम ठरवणं हा त्यावरचा जुना आणि खरा उपाय. सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायचे, की गोल फिरणारी वाट तयारच होत नाही. डिरेक्टरीत ते सोपं, आईबाप आधी, पोर नंतर. पण रिनेममध्ये दोन डिरेक्टऱ्या असतात आणि त्या एकाच झाडाच्या कुठल्याही दोन फांद्या असू शकतात. समजा 'केळी' आणि 'कापूस' अशा दोन डिरेक्टऱ्या आहेत. एकाने केळी उचलून कापसाच्या आत टाकायला घेतली, त्याच क्षणी दुसऱ्याने कापूस उचलून केळीच्या आत. दोघांनी आपापल्यापुरतं तपासलं, बरोबर आहे, केलं. आता केळीच्या पोटात कापूस, कापसाच्या पोटात केळी, आणि दोन्ही मुळापासून तुटून हवेत गोल फिरतायत, रूटवरून तिथं पोचायची वाटच नाही. म्हणून लिनक्समध्ये एका डिरेक्टरीतून दुसरीत नेणाऱ्या रिनेमसाठी अख्ख्या फाईलसिस्टिमला एकच म्युटेक्स, म्हणजे एक लॉक, ठेवलाय, तो आधी घ्यायचा, तो हातात असला की झाडाचा आकार बदलत नाही, मग बघायचं दोघांत पूर्वज कोण, त्याचा लॉक आधी. कोणी म्हणेल हे स्लो आहे. असेल. दिवसातून किती वेळा तुम्ही फोल्डर हलवता?

जिथं नातंच नसतं, म्हणजे दोन साध्या फाईली, तिथं मात्र काहीतरी निरर्थक पण पक्कं धरावं लागतं. व्हीएफएस मेमरीतला पत्ता बघतं, लहान पत्त्याचा आयनोड आधी. एक्सएफएस, अजून एक फाईलसिस्टिम, आयनोडचा नंबर बघतं. पोराला हे पटेना, म्हणे यात लॉजिक काय? लॉजिक हेच की सगळे तेच करतील, बाकी काही नाही.

क्रम पाळला जातोय का ते बघायला लॉकडेप आहे, कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नारचं, २००६ पासून कर्नलमध्ये. त्याची हुशारी अशी की डेडलॉक व्हायची वाट बघत नाही. आज एका वाटेने अ नंतर ब घेतला, तासाभराने दुसऱ्याच कोणी ब नंतर अ घेतला, की हे बोंब ठोकतं, दोघं समोरासमोर आलेले नसले तरी. पण त्याला फक्त चाललेली वाट दिसते. शेवटचा रेफरन्स लॉक धरून सुटायची वेळ हजारात एखाद्या वेळी येत असेल, तर टेस्टमध्ये ती येणारच नाही, लॉकडेप गप्प, आणि गिऱ्हाईकाच्या सर्व्हरवर सणाच्या दिवशी येईल. म्हणून डेंट्री सोडणाऱ्या डीपुटच्या सुरुवातीलाच माइट-स्लीप, म्हणजे इथं थांबावं लागू शकतं असा इशारा, टाकलेलं असतं, डीबगिंग चालू असेल तर स्पिनलॉक, म्हणजे जो धरून थांबायचं नसतं असा लॉक, धरून कोणी डेंट्री सोडली की तिथंच ओरडतं, ती शेवटची असो वा नसो. ज्याने हे शेवटच्या वाटेवर न टाकता सुरुवातीला टाकलं त्याला खरा त्रास कुठून होतो ते माहीत होतं.

फाईल बंद करण्याचं दुखणं तर एवढं वाढलं की २०१२ मध्ये, ३.६ आवृत्तीत, व्हीएफएस सांभाळणाऱ्या अल व्हिरोने नियमच बदलला. फाईलचा शेवटचा एफपुट, म्हणजे उघडी फाईल सोडणं, जागेवर करायचाच नाही. काम टास्कच्या यादीत टाकून ठेवायचं, आणि प्रोसेस कर्नलमधून बाहेर युझरकडे निघाली की, म्हणजे हातात कुठलाही लॉक उरलेला नाही याची खात्री झाली की, तेव्हा उरकायचं. हे फंक्शन बोलावणाऱ्या सगळ्यांना शिस्त लावत बसण्यापेक्षा हे बरं. काही लोकांना ही पळवाट वाटते, मला नाही वाटत.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र मेमरीचा. तुम्ही फाईलसिस्टिमच्या आत आहात, ट्रान्झॅक्शन चालू आहे, लॉक हातात आहेत, आणि निरागसपणे थोडी मेमरी मागता. मेमरी संपलेली आहे. मग कर्नल म्हणतं थांब, जरा कॅश रिकामी करतो, आणि तुमच्याच थ्रेडवर, तुमचेच लॉक तुमच्या हातात असताना, डेंट्री आणि आयनोड काढायला लागतं, तुम्ही ज्यांचं नावसुद्धा ऐकलं नाही असे. त्यातल्या एखाद्याला काढताना त्याच फाईलसिस्टिमचा तोच लॉक लागला की तुम्ही स्वतःचीच वाट बघत बसता, कायमचे. म्हणजे दुसऱ्याचं आवरायचं काम तुमच्या अंगावर, तुम्ही काहीही न सोडता! याला उपाय म्हणून मेमरी मागताना सांगायचं असतं की बाबा, फाईलसिस्टिममध्ये परत शिरू नकोस, तो नो-एफएस फ्लॅग. वर्षानुवर्षं लोक तो जिथं तिथं लावत आले, कुठं लागतो कुठं नाही कोणालाच सांगता येईना. २०१७ मध्ये ४.१२ला सोय आली की लॉकच्या सुरुवातीला एकदाच सांगायचं, इथून इथपर्यंत जे काही मागितलं जाईल ते सगळं नो-एफएस. ही सोय दहा वर्षं आधी यायला हवी होती असं माझं मत.

लॉक आणि काउंट एकाच घरातले आहेत याचा अगदी डोळ्यांनी दिसणारा पुरावा हवा असेल तर डेंट्रीतला लॉकरेफ बघा, २०१३ ला ३.१२ मध्ये आला. स्पिनलॉक आणि आकडा दोन्ही मिळून आठ बाइट, शेजारी शेजारी, प्रोसेसरच्या एकाच सूचनेत दोन्ही तपासून आकडा बदलतात, लॉक मोकळा असेल तर तो घ्यायचीसुद्धा गरज पडत नाही. त्याच्या आधी, २०११ मध्ये, कर्नल डेव्हलपर निक पिगिनच्या कामातून पाथ शोधताना आरसीयूने, म्हणजे लॉक न घेता वाचायच्या तंत्राने, चालायची पद्धत आली होती, त्यात तर वाटेतल्या डेंट्रीचा रेफरन्स घेतच नाहीत, कारण प्रत्येक पाथ रूटवरून जातो आणि सगळे कोअर त्या एका आकड्यासाठी झोंबत बसतात. न घेता चालायचं, शेवटी तपासायचं की मधे काही बदललं तर नाही, बदललं असेल तर परत सावकाश, रेफरन्स घेत घेत. मला सुरुवातीला वाटायचं काउंटिंग स्वस्त आणि लॉक महाग. मोठ्या मशीनवर दोन्ही सारखेच रडवतात.

आता नव्या कर्नलात, ६.५ पासून, स्कोप, म्हणजे कोडचा तो कंस, संपला की आपोआप लॉक सुटायची आणि रेफरन्स सुटायची सोय झालीय. नवीन पोरांना फार आवडते, मलाही आवडते, पण एक सांगून ठेवतो, सुटण्याचा क्रम हा लिहिण्याच्या उलटा असतो. आयनोडचं व्हेरिएबल गार्डच्या, म्हणजे लॉक घेणाऱ्या ओळीच्या, वर लिहिलं तर आधी लॉक सुटतो मग आयनोड, खाली लिहिलं तर आधी आयनोड सुटतो, लॉक अजून हातातच. म्हणजे जो क्रम पूर्वी फंक्शनच्या तळाला डोळ्यांना दिसायचा तो आता वरच्या दोन ओळींच्या अदलाबदलीत लपलाय.

पोराला त्याच्या फाईलसिस्टिममध्ये सगळे आयनोड एकेक करून तपासायचे होते. त्याला म्हटलं कर्नलमधलं कॅश रिकामी करणारं फंक्शन उघड, ड्रॉप-पेजकॅश-एसबी, अगदी लहान आहे. सगळ्या आयनोडांच्या यादीचा स्पिनलॉक धरून फिरायचं, एक आयनोड धरायचा, आणि मग यादीचा लॉक सोडून त्याचं काम करायचं. काम झालं की तो आयनोड लगेच सोडता येत नाही, कारण तो सोडला तर यादीतली आपली जागा गेली, आणि यादीचा लॉक परत घेऊन सोडावा तर स्पिनलॉक धरून आयपुट, ते तर मुळीच नाही. मग करतात असं की आत्ताचा हातात ठेवायचा आणि मागच्या फेरीतला सोडायचा, यादीचा लॉक सुटलेला असताना. त्यासाठी टू-पुट-आयनोड नावाचं एक व्हेरिएबल, कायम एक फेरी मागे चालणारं. पोराने दहा मिनिटं कागदावर बाण काढले आणि मग म्हणाला, "भारी आहे यार दादा हे."

त्याने तसंच्या तसं उतरवलं, फक्त लूप संपल्यावर हातात राहिलेल्या शेवटच्या आयनोडसाठी जो एक आयपुट लागतो तो राहिला. चालवलं, सगळं मस्त. अनमाऊंट केलं आणि त्याच्या जुन्या कर्नलच्या व्हर्च्युअल मशीनवर तो प्रसिद्ध मेसेज आला, अनमाऊंटनंतरही आयनोड बिझी आहेत, पाच सेकंदांत सेल्फ-डिस्ट्रक्ट, हॅव अ नाइस डे. नव्या आवृत्त्यांतून ही गंमत काढून टाकलीय, वाईट वाटलं मला. पोरगा स्क्रीनकडे बघतोय, मग माझ्याकडे बघतोय.

"दादा, खरंच पाच सेकंद?"

"मोज की."

त्याने खरंच मोजले. काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं, निदान लगेच तरी. त्याने लूपच्या खाली ती ओळ टाकली, परत बिल्ड लावला, आणि बिल्ड होईपर्यंत विचारायला लागला की मग टू-पुट-आयनोड सुरुवातीला नल, म्हणजे रिकामा, असतो तेव्हा पहिल्या फेरीत आयपुट काय करतो.